कपातला काढा आणि ड्रॉवरमधली गोळी

परवा कॉलेज रोडवर एका मैत्रिणीकडे आमची भिशी होती. चिवडा, ढोकळा, गप्पा सगळं रंगात आलेलं. चहाचा ट्रे आला, तशी एकीनं पर्समधून छोटीशी डबी काढली आणि म्हणाली, "माझ्यासाठी नुसतं गरम पाणी आण गं. मी आता हर्बल चहाच घेते. बीपीला इतका छान लागू पडलाय की माझी गोळीसुद्धा सुटली!"

झालं! सात-आठ हात एकदम डबीकडे गेले. "काय काय घातलंय?", "कुठं मिळतं?", "मला पण दे ना थोडं." मी मात्र हातातला कप तसाच धरून बसले. कारण दोन वर्षांपूर्वी अशीच एक डबी पर्समध्ये घेऊन मी अख्ख्या नाशिकभर फिरत होते, आणि अगदी हेच वाक्य मी दहा जणींना ऐकवलं होतं. पुढं काय झालं ते मात्र फारसं कुणाला सांगितलं नाही. आज सांगते.

मला बीपी आहे हे कळलं ते अगदी योगायोगानं. ह्यांना तपासायला घेऊन गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, आल्याच आहात तर तुमचंही बघू." यंत्रावर आकडा आला 158 आणि 96. मी हसले. म्हटलं, "अहो, जिना चढून आलेय ना!" पण पुढच्या दोन खेपांनाही आकडा तेवढाच. तेव्हा मी 51 वर्षांची होते, पाळी नुकतीच थांबलेली. डॉक्टरांनी समजावलं की पाळी थांबल्यावर बऱ्याच बायकांचा रक्तदाब वाढू लागतो. आणि बाळंतपणाच्या वेळी ज्यांचं बीपी वाढलं होतं, त्यांनी तर पुढं आयुष्यभर लक्ष ठेवायला हवं. माझ्या धाकट्याच्या वेळी ते वाढलंच होतं. मी पार विसरून गेले होते.

गोळी सुरू झाली. रोज सकाळी पूजा झाली की एक गोळी. त्रास काहीच नव्हता, पण मनात सल होता. आपल्याकडे म्हणतात ना, "एकदा सुरू झाली की जन्माची मागं लागते." गोळी म्हणजे म्हातारपणाचा शिक्का वाटायचा. माहेरी गेले की वहिनीला दिसू नये म्हणून मी गोळ्यांची पट्टी रुमालात गुंडाळून ठेवायचे.

अशात एका प्रदर्शनात बीपीसाठी म्हणून विकला जाणारा हर्बल चहा मिळाला. तुळस, गवती चहा, अर्जुनाची साल, दालचिनी, ज्येष्ठमध. सगळी आपलीच, ओळखीची नावं. ह्यात वाईट काय असणार? चवीला गोडसर, साखरेची गरजच नाही. पुडा संपल्यावर मी घरीच तयार करू लागले. रविवार कारंजाजवळून काष्ठौषधी आणायची, खलबत्त्यात कुटायची, बरणी भरायची. साखर सोडली होती, म्हणून ज्येष्ठमध जरा सढळ हातानं. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी मोठा चमचाभर. गोळी आधी एक दिवसाआड केली, मग बंदच. पट्टी ड्रॉवरमध्ये मागं सरकवून दिली. घरात कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरांना तर नाहीच.

तीन महिने मस्त गेले. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, झोप छान. मी खूश! मैत्रिणींनो, फसगत होते ती इथंच. रक्तदाब वाढला तरी बहुतेकींना काहीसुद्धा जाणवत नाही. तो आतल्या आत हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळ्यांवर काम करत राहतो. 'मला बरं वाटतंय' आणि 'माझं बीपी बरं आहे' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी फक्त यंत्रच सांगू शकतं.

दिवाळीच्या फराळाचे दिवस होते. रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले. पावलांवर सूज, बोटातली अंगठी निघेना. वाटलं, उभं राहून राहून झालं असेल. सूनबाई मात्र ऐकेना. "आई, आत्ताच्या आत्ता चला," म्हणून स्कूटरवर बसवून घेऊन गेली. आकडा आला 188 आणि 110. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. तेवढाच.

"गोळी घेताय ना?"

मी खाली बघितलं. सूनबाई माझ्याकडे बघत होती.

"दुसरं काही? काढा, चूर्ण, चहा?"

"चहा... हर्बल आहे. घरचाच."

"त्यात काय काय असतं, काकू?"

मी एकेक नाव सांगत गेले. ज्येष्ठमध म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती?" मी चमच्याचं माप सांगितलं. त्यांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं. पोटॅशियम 3.0 आलं. ते साडेतीनच्या वर असायला हवं.

त्या दिवशी मला कळलं, की ज्येष्ठमध रक्तदाब कमी करत नाही. उलट वाढवतो! त्यात ग्लिसिरायझिन नावाचा गोड पदार्थ असतो. तो जास्त प्रमाणात, बरेच दिवस पोटात गेला की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणून सूज, म्हणून पायात गोळे, म्हणून बीपी. पोटॅशियम फारच उतरलं तर हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. म्हणजे मी एका हातानं गोळी बंद केली आणि दुसऱ्या हातानं बीपी वाढवणारी वस्तू दिवसातून तीन वेळा पीत होते. तेही औषध म्हणून, आणि इतरांना वाटत!

घरी येताना सूनबाई एक शब्द बोलली नाही. रात्री फक्त एवढंच म्हणाली, "आई, तुम्हाला काही झालं असतं तर आम्हाला कळलंही नसतं का झालं ते." तो शब्द मला 188 पेक्षा जास्त लागला.

मग चहात काहीच अर्थ नाही का?

असंही नाही. मी रागानं बरणी फेकणार होते, पण ओळखीच्या एका वैद्यबाईंनी थांबवलं. आपल्या नाशिकमध्ये दोन्ही बाजूंची माणसं आहेत. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि दिंडोरी रोडवरच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून 1998 पासून ॲलोपॅथी आणि आयुर्वेद दोन्हीकडच्या डॉक्टरांना पदव्या मिळतात. वैद्यबाई म्हणाल्या, "अहो, ज्येष्ठमध वाईट नाही. घशासाठी, खोकल्यासाठी आम्ही देतो. पण माप ठरवून, ठरावीक दिवस, माणूस बघून. तुम्ही बीपीच्या पेशंटनं तो साखरेसारखा वापरलात, हे कुठल्या आयुर्वेदात बसतं?"

त्यांनीच मला एका वेगळ्या वनस्पतीचं नाव सांगितलं. ते ऐकून मी उडालेच. अंबाडी! आपण भाकरीबरोबर लसणाची फोडणी देऊन जिची भाजी खातो, तिचीच लाल बोंडांची जात. फूल गळून गेल्यावर बीभोवती लालभडक, आंबट, जाडसर आवरण राहतं. ते वाळवून त्याचा चहा करतात. विदर्भात त्याचं सरबत आणि चटणीही करतात. इजिप्त, सुदानकडे तर हे पेय घरोघरी असतं, तिकडं त्याला 'करकदे' म्हणतात.

ह्या चहाची नीट चाचणीही झाली आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 साली ती प्रसिद्ध केली. ज्यांचं बीपी थोडंसंच वाढलेलं आहे आणि जे गोळी घेत नाहीत, अशा 65 माणसांना त्यांनी निवडलं. काहींना रोज तीन कप हा चहा दिला, काहींना तशाच रंगाचं आणि चवीचं पण अंबाडी नसलेलं पाणी. सहा आठवड्यांनी चहावाल्यांचा वरचा आकडा सरासरी सात अंशांनी उतरला होता, दुसऱ्यांचा जेमतेम एकानं.

आता हे सात नीट समजून घेऊ या. ज्या बाईचं बीपी 136 आहे, तिला सात अंश म्हणजे मोठी मदत. पण जिचं 170 आहे, ती सात वजा करून 163 वर येईल. म्हणजे धोका आहे तिथंच. चहा मदतनीस होऊ शकतो, गोळीची जागा तो घेऊ शकत नाही. मला हे वजाबाकीचं गणित आधी कुणी सांगितलं असतं, तर ड्रॉवर मी बंद केला नसता.

आणखी एक घोळ आपल्याकडे हमखास होतो. इंग्रजीत दोघींनाही हिबिस्कस म्हणतात, म्हणून कुणी दारातली जास्वंद तोडून उकळतात. ती चाचणी अंबाडीच्या लाल बोंडांची होती, गणपतीला वाहतो त्या जास्वंदीची नव्हे. दोघी बहिणी असल्या तरी एकीचं प्रशस्तिपत्रक दुसरीला चालत नाही. तेव्हा पाकीट घेताना आत काय आहे ते वाचा.

बाकीच्यांचं काय? गवती चहा, तुळस, आलं ह्यांनी रक्तदाब ठळकपणे उतरतो असा भक्कम पुरावा नाही. पण दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखर घातलेला चहा होत असेल, आणि त्यातले दोन कप बिनसाखरेच्या गवती चहाचे झाले, तर तेवढा फायदा आहेच. दालचिनी चिमूटभर ठीक, मूठभर नको. अर्जुनसादड्याची साल आयुर्वेदात हृदयासाठी दुधात उकळून देतात. तिच्यावर अभ्यास झाले आहेत, पण बीपीची गोळी सोडावी असं त्यातून निघत नाही. घ्यायचीच तर वैद्यांना विचारून घ्यावी.

वनस्पती साधी नसते

"पण औषधी वनस्पतीनं अपाय होत नाही ना?" हा प्रश्न मला अजून रोज कुणीतरी विचारतं. तेव्हा मी सर्पगंधेची गोष्ट सांगते. ती तर आपल्या मुंबईतली आहे.

सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे शेकडो वर्षं वापरात होतं, झोपेसाठी, वेड्या माणसाला शांत करण्यासाठी. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की तिनं रक्तदाबही उतरतो. पण जगाचं लक्ष गेलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळं. केईएम रुग्णालयातल्या ह्या हृदयरोगतज्ज्ञांनी रुग्णांवरचे आपले निष्कर्ष 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. तोवर जगात रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातून रेसरपीन वेगळं काढलं आणि त्याच्या गोळ्या जगभर गेल्या. डॉ. वकिलांना 1957 साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण तिचा उत्तरार्धही सांगायला हवा. रेसरपीन घेणाऱ्या काही जणांना सतत उदास वाटू लागलं, नाक चोंदू लागलं, सुस्ती येऊ लागली. पुढं अधिक चांगली औषधं आली आणि ते मागं पडलं. म्हणजे जी वनस्पती खरोखर रक्तदाब उतरवते, तिचे दुष्परिणामही खरेच असतात. जिच्यात ताकद आहे तिला माप हवं. म्हणून कुणी सर्पगंधेची पूड चहात टाकायला दिली, तर हात जोडा आणि परत करा.

खरा दोषी मिठाच्या डब्यात

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, ज्येष्ठमध बंद केला, आणि मग एक प्रश्न विचारला. "काकू, तुमच्याकडे मिठाचा एक किलोचा पुडा किती दिवस जातो?"

मी म्हटलं, "महिनाभर. कधी त्याच्याही आत."

"घरात माणसं किती?"

"चार."

त्यांनी कागदावर हिशोब मांडला. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट छोटा चमचाभर. चौघांचं वीस ग्रॅम. त्या हिशोबानं किलोचा पुडा पन्नास दिवस जायला हवा. आमचा तिसात संपत होता. आणि ह्यात बाहेरचं खाणं धरलेलंच नाही!

नाशिककरांना वेगळं सांगायला नको. रविवारी मिसळ, वर शेव, बाजूला पापड. घरी जेवताना लोणचं, ठेचा, तळलेली मिरची, उन्हाळ्यात केलेल्या कुरडया. पापडात मीठ असतंच, वर पापडखार, त्यातही सोडियमच. ताकात मीठ, सॅलडवर मीठ, पेरूवर तिखटमीठ. "आम्ही सैंधव वापरतो" असंही बऱ्याच जणी सांगतात. बायांनो, सैंधव झालं, काळं मीठ झालं, तरी ते मीठच. बीपीला सगळी सारखीच.

आम्ही काय केलं? जेवणाच्या टेबलावरची मिठाची बरणी उचलली. कणकेत आणि भातात मीठ घालणं बंद केलं. पापड-लोणचं रोज नव्हे, सणाला. पहिले पंधरा दिवस ह्यांनी ताट बघून तोंड वाकडं केलं. मी लिंबू, कोथिंबीर, आमसूल, जिरेपूड ह्यांचा हात वाढवला. महिन्याभरात जिभेला सवय झाली. आता हॉटेलची भाजी ह्यांनाच खारट लागते. पुडा पंचेचाळीस दिवस जातो. पन्नासची वाट बघतेय!

सात-आठ आठवड्यांनी माझा आकडा 134 आणि 84 वर आला. गोळी, कमी मीठ, सकाळचं अर्धा तास चालणं, ह्या सगळ्यांचं मिळून ते श्रेय. डॉक्टरांना विचारून आता मी दुपारी एक कप अंबाडीचा चहा घेते. आवडतो म्हणून घेते, औषध म्हणून नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 21 च्या फेरीत, देशातल्या पंधरा वर्षांवरच्या शंभरातल्या एकवीस बायकांना रक्तदाबाचा त्रास असल्याचं दिसलं. म्हणजे आमच्या भिशीतल्या दहा जणींत दोघी तरी. आपण नवऱ्याची गोळी वेळेवर काढून देतो, सासूबाईंचं पथ्य सांभाळतो, आणि स्वतःची पट्टी रुमालात गुंडाळून ठेवतो. हे आता पुरे झालं.

अंबाडीचा चहा असा करा

वाळलेली लाल बोंडं चुरून छोटा चमचाभर घ्या. एक मोठा कप पाणी उकळून गॅस बंद करा, त्यात चुरा घालून सहा मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, आंबट असल्यानं ॲल्युमिनियमचं नको. मीठ अजिबात नको, काळं मीठही नको. आंबट लागला तर गवती चहाची पात टाका. गरोदर बायकांनी, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी घेऊ नये. बीपीची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बीपी गरजेपेक्षा खाली येऊ शकतं.

एवढं लक्षात ठेवा

• बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवा, बोलू नका.
• दवाखान्यात 140/90 किंवा घरी 135/85 च्या वर आकडा वारंवार येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.
• बरं वाटतंय म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. महाग पडत असेल, पाय सुजत असतील तर सांगा, बदलून मिळते. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात.
• काढ्याचं, चूर्णाचं, चहाचं पाकीट डॉक्टरांकडे बरोबर न्या. यादीत ज्येष्ठमध किंवा यष्टिमधु असेल तर बीपीवाल्यांनी तो चहा टाळा.
• तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, ह्यांपैकी काही झालं तर काढा करत बसू नका. 108 ला फोन करा.

भिशीतल्या त्या मैत्रिणीला मी तिथं सगळ्यांसमोर काही बोलले नाही. निघताना जिन्यात थांबवलं आणि माझी गोष्ट सांगितली. ती आधी चिडली. "म्हणजे मी चुकतेय असं म्हणायचंय का तुला?" मी म्हटलं, "नाही गं. फक्त एकदा मोजून बघ. आणि जाताना डबी बरोबर ने."

चार दिवसांनी तिचा फोन आला. आकडा किती आला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "गोळी परत सुरू केलीय. आणि हो, ती अंबाडीची बोंडं कुठं मिळतात म्हणालीस?"